प्रथिनांची घडी आणि लिपीचा दृष्टान्त

प्रथिनाच्या साखळीत वीस प्रकारची अमिनो आम्ले ठराविक क्रमाने गुंफलेली असतात. म्हणून त्या क्रमास ‘लिपी’ म्हणण्याचा प्रघात आहे. भाषाभ्यासकाने हा दृष्टान्त जपूनच स्वीकारावा. ‘झाड’ या अक्षरांत झाडाचा आकार नसतो. शब्द व अर्थ यांचा संबंध केवळ संकेताचा. प्रथिनाचे तसे नाही. तेथे क्रमच आकार ठरवितो.

ख्रिश्चन ॲन्फिन्सेन यांनी १२४ अमिनो आम्लांच्या रायबोन्यूक्लिएज या एंझाइमाची घडी यूरियाने उलगडली व तीतील चारही गंधकबंध मर्कॅप्टोएथॅनॉलने तोडले. दोन्ही द्रव्ये काढून घेतल्यावर साखळी हवेच्या सान्निध्यात आपोआप पूर्ववत् घडली, क्रियाशीलताही परतली. वस्तुतः आठ सिस्टीनांच्या चार जोड्या १०५ प्रकारे जुळू शकतात. यूरिया असतानाच बंध जुळू दिले, तेव्हा क्रियाशीलता सुमारे एक टक्काच आढळली, म्हणजे यदृच्छेने जोड्या जुळाव्यात जवळजवळ तितकीच. अर्थात् बंध घडी ठरवीत नाहीत. घडीच बंधांना जागा दाखविते. या कार्यास १९७२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा लाभला.

‘आल्फाफोल्ड’ या संगणकप्रणालीने २०२० मध्ये क्रमावरून अंतिम आकार वर्तविण्यात मोठे यश मिळविले. परंतु साखळी त्या आकाराप्रत कोणत्या वाटेने पोहोचते, हा प्रश्न निराळाच. त्याचे उत्तर अंतिम आकाराच्या चित्रात सापडत नाही.