थंडीच्या नावावर खपणारी साखर

"थंडीत शुगर थोडी वाढायचीच. फेब्रुवारी आला की आपोआप उतरते."

डिसेंबर लागला की बेंगळुरूतल्या मराठी घरांत हे वाक्य फिरायला लागतं. लालबागेत सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांत ऐकू येतं, मोबाइलवरच्या गटांत वाचायला मिळतं, जानेवारीत हळदीकुंकवालाही कुणीतरी म्हणतंच. सांगणारा इतक्या खात्रीनं सांगतो की ऐकणारा रक्ततपासणी संक्रांतीनंतरवर ढकलतो. वाक्य निव्वळ खोटं असतं तर दुर्लक्ष करता आलं असतं. पण त्यात चिमूटभर तथ्य आहे, आणि त्या चिमटीच्या आधारावर माणसं अडीच-तीन महिने निर्धास्त काढतात.

आधी ते तथ्य. अमेरिकेतल्या मधुमेही माजी सैनिकांच्या एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या) तपासण्यांचा एक मोठा अभ्यास २००५ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ एपिडेमिऑलॉजी'त आला. अडीच लाखांहून जास्त माणसं, साडेआठ लाखांच्या आसपास तपासण्या. हिवाळ्यात आकडा वर जातो आणि उन्हाळ्यात खाली येतो, हे त्यात स्पष्ट दिसलं. मात्र हा फरक होता ०.२२. रोजच्या सरासरी साखरेच्या भाषेत बोलायचं तर डेसिलिटरला जेमतेम सहा मिलिग्रॅम. तुमचा रिपोर्ट ७.२ वरून ८.५ वर गेला असेल तर सरासरी साखर ३५ ते ४० मिलिग्रॅमनं वाढलेली असते. त्यातले सहा थंडीला देऊन टाकू. बाकीच्यांचा हिशेब कोण देणार?

शिवाय त्याच अभ्यासात असंही दिसलं, की जिथं हिवाळा कडक तिथं फरक मोठा आणि जिथं सौम्य तिथं लहान. आता बेंगळुरूचा हिवाळा बघा. इथल्या तापमानाचा नीचांक ७.८ अंश, तोही जानेवारी १८८४ मधला. एरवी जानेवारीतली पहाट पंधरा-सोळा अंशांची असते आणि दुपार सत्तावीस-अठ्ठावीसची. ऑगस्टातली ढगाळ दुपारही जवळपास तेवढीच असते. पण ऑगस्टातल्या साखरेचं खापर कुणी हवेवर फोडत नाही.

गंमत पुढेच आहे. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात टाइप २ मधुमेहाच्या आठ रुग्णांना दहा दिवस, रोज काही तास, चौदा-पंधरा अंशांच्या खोलीत ठेवलं गेलं. म्हणजे साधारण आपल्या जानेवारीच्या पहाटेत. दहा दिवसांनी त्यांच्या शरीराची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता सरासरी ४३ टक्क्यांनी वाढलेली आढळली. हे संशोधन २०१५ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालं. आठ माणसांच्या प्रयोगावरून कुणी पांघरूण फेकून देऊ नये; त्यावर उपचार बेतण्याइतका तो मोठा नाही. पण नुसत्या गारव्यानं साखर चढते, या समजुतीला त्यातून काहीच आधार मिळत नाही, उलट धक्काच बसतो.

मग साखर वाढते कशानं? हवामान बाजूला ठेवून कालनिर्णय उघडा. दिवाळीचा फराळ संपतो तोवर डिंकाचे लाडू होतात. डिसेंबरात बेकऱ्यांमध्ये प्लम केक येतो. मग संक्रांत, आणि ती मराठी घराला इथं दुप्पट लागते: आपला तिळगूळ आणि गुळपोळी तर आहेच, शिवाय शेजारपाजारून एळ्ळू-बेल्ल, म्हणजे इथला तीळ-गूळ, येतं आणि सोबत साच्यात पाडलेले साखरेचे आकार. दुसरीकडे चालणं आटतं. जानेवारीत इथं सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. सहाला अंधार आणि गारठा, म्हणून माणूस आठपर्यंत थांबतो. आठला रस्त्यावर गाड्या सुरू होतात, म्हणून फेरी उद्यावर जाते. त्यात सर्दी-ताप. शरीर संसर्गाशी झगडत असताना जी संप्रेरकं स्रवतात ती यकृतातली साखर रक्तात ढकलतात. दम लागला म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या, तर आकडा काही दिवसांतच उसळी मारतो.

एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतो, आणि त्यातला जवळजवळ अर्धा वाटा शेवटच्या महिन्याचा असतो. म्हणजे जानेवारीअखेरचा रिपोर्ट ही दिवाळी ते संक्रांत या काळाची नोंदवही आहे. मार्चनंतर आकडा उतरतो तो लाडूंचा डबा रिकामा झाला आणि चालणं पुन्हा सुरू झालं म्हणून. 'आपोआप' काही घडलेलं नसतं. मधल्या काळात डोळ्यांच्या आणि मूत्रपिंडांच्या बारीक रक्तवाहिन्या वाढलेली साखर सोसतच असतात.

या 'आपोआप'मध्ये आणखी एक धोका आहे, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. हिवाळ्यात ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन वाढवून घेतलं आणि फेब्रुवारीत जेवण आवरून चालणं जोरात सुरू केलं, तर साखर नको तितकी खाली जाऊ शकते. डोस वाढवताना डॉक्टरांकडे जातो, तसं दिनक्रम बदलल्यावरही जायला हवं.

आणि पहाट टळत असेल तर टळू द्या. न्यूझीलंडमधल्या ओटॅगो विद्यापीठाच्या २०१६ च्या प्रयोगात टाइप २ मधुमेहाच्या ४१ जणांनी दिवसातून एकदा सलग अर्धा तास चालण्याऐवजी तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चालून पाहिलं. जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, रात्रीच्या जेवणानंतरची तर २२ टक्क्यांनी. अपार्टमेंटच्या आवारात, स्वेटर घालून, हे कुणालाही जमतं.

आता गूळ. "साखर नाही हो, गूळ आहे" हे ऐकून हात टेकावेसे वाटतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अन्नघटक तक्त्यांत १०० ग्रॅम गुळात जवळपास ८५ ग्रॅम कर्बोदकं आहेत, आणि ती बहुतांशी तीच साखर. जोडीला थोडं लोह आणि इतर खनिजं आहेत, पण तेवढ्यासाठी गुळपोळी खाणं महागात पडतं. रंग तपकिरी झाला म्हणून स्वादुपिंड फसत नाही.

नाचणीचंही तसंच. कर्नाटकात राहून नाचणीवर टीका करणं धाडसाचं, पण त्याच तक्त्यांत तांदळात कर्बोदकं सुमारे ७८ ग्रॅम आणि नाचणीत ६७. तंतू नाचणीत कितीतरी जास्त, म्हणून ती बरी. तरी नाचणीचे दोन मोठे मुद्दे (उकडीचे गोळे) म्हणजे दोन मोठे मुद्दे, आणि गूळ घातलेलं रागी माल्ट हे पथ्य नव्हे. बसवनगुडीच्या कडलेकायी परिषेतले, म्हणजे शेंगांच्या जत्रेतले, उकडलेले शेंगदाणे आणि थंडीतली ताजी अवरेकायी, म्हणजे आपल्या वालाची भावंडं, यांना मात्र उगाच बदनाम करू नका. बेतानं खाल्ले तर दोन्ही चांगले. अडचण अवरे मेळ्यातल्या जिलबीची आहे.

खाण्याइतकीच थंडीत तपासणीचीही काळजी घ्या: बोट गार असताना ग्लुकोमीटरसाठी ते पिळून काढलेल्या थेंबावर भरवसा ठेवू नये. कोमट पाण्यानं हात धुवून, पुसून मगच टोचावं, कारण बोटाला लागलेला तिळगूळही आकड्यात उतरतो. गार पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी नको: संवेदना कमी झालेल्या पायाला भाजलेलं कळत नाही.

ताप आला आणि जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन स्वतःहून बंद करणं सर्वांत घातक, टाइप १ मध्ये तर जिवावर बेतणारं. याउलट डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी उलट्या-जुलाब असताना बहुतेक वेळा थांबवावी लागते. आपल्या औषधांपैकी कोणतं चालू ठेवायचं आणि कोणतं थांबवायचं, हे सर्दीची साथ येण्याआधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद फ्रिजच्या दाराला लावून ठेवा.