रक्ताचे अपूर्णांक

ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात सॅली नावाची एक मुलगी वाढत होती. तिचा सावळा रंग पाहून शाळेतील मुले विचारीत, “तुम्ही मूळचे कुठले?” मुलीने घरी येऊन आईला विचारले. आई म्हणाली, “हिंदुस्थानातले म्हणून सांग.” मुलांना ते पटले, आणि मुलीलाही पटले!

वास्तविक त्या घराचे मूळ ऑस्ट्रेलियाच्याच भूमीत होते. आजी आदिवासी होती. सॅली मॉर्गन यांनी १९८७ साली ‘माय प्लेस’ या पुस्तकात ही हकीकत सांगितली. स्वतःच्याच देशात परक्या देशाचे नाव सांगावे लागावे, असे कोणते भय त्या आईच्या मनात असेल?

ते भय खोटे नव्हते. गोरा बाप आणि आदिवासी आई यांच्या मुलांची सरकारदप्तरी ‘अर्ध्या रक्ताची’, ‘पाव रक्ताची’ अशी नोंद होई. जणू माणूस म्हणजे अपूर्णांकाचे गणित. १९३७ साली कॅनबेरा येथे भरलेल्या अधिकाऱ्यांच्या परिषदेने ठरावच केला, की या मिश्र संततीचे भवितव्य गोऱ्या समाजात विरून जाण्यातच आहे. आता, मूल विरायचे तर आधी त्याची आई सुटायला हवी! तेव्हा मुलांना उचलून वसतिगृहांत आणि गोऱ्या घरांत ठेवण्यात आले. १९१० ते १९७० या काळात दहांत एक ते तिनांत एक इतकी आदिवासी मुले अशी नेली गेली, असा १९९७ च्या चौकशी अहवालाचा अंदाज आहे. १९३१ साली मूर रिव्हरच्या वसाहतीतून तीन मुली पळाल्या. सशांना अडविण्यासाठी घातलेल्या कुंपणाच्या कडेने सुमारे १६०० किलोमीटर चालून त्यांतील दोघी घरी पोचल्या. बाकीच्या हजारोंना अशी वाट सापडली नाही.

‘मुलांच्या कल्याणासाठी’ हे सारे झाले म्हणावे, तर संशोधन निराळेच सांगते. १९९४ च्या सरकारी पाहणीत, नेलेल्यांपैकी २९ टक्क्यांनी आपली प्रकृती बेताची किंवा वाईट असल्याचे सांगितले. घरीच वाढलेल्यांत हे प्रमाण १५.४ टक्के होते. शिक्षणातही नेलेली मुले पुढे गेली नव्हती.

असे का व्हावे? आपल्याकडे ‘माय मरो, पण मावशी जगो’ म्हणतात. तिथल्या अनेक आदिवासी समाजांत तर मावशीला आईच म्हणतात. म्हणजे मुलाच्या हातून एक आई नव्हे, आयांचा सारा गोतावळा गेला. अडीअडचणीला धावून येणारे, ‘ही आमची’ म्हणणारे कोणी उरले नाही.

इतिहासकार पीटर रीड यांनी जुनी दप्तरे धुंडाळून या मुलांना ‘चोरलेल्या पिढ्या’ असे नाव दिले. १९८० साली त्यांनी कोरल एडवर्ड्स यांच्याबरोबर ‘लिंक-अप’ ही संस्था सुरू केली. एडवर्ड्स यांनाही लहानपणी घरातून नेण्यात आले होते. संस्था कागद शोधते आणि भेटीच्या वेळी सोबतही जाते. ती सोबत फार मोलाची. कारण कित्येकदा आई वारलेली असते, भाषा कळत नाही, आणि चेहऱ्यात सारखेपणा असूनही बोलायला शब्द नसतात.

पंतप्रधान केव्हिन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी संसदेत क्षमा मागितली. आज तिथे रक्त मोजीत नाहीत. आदिवासी वंश, स्वतःची तशी ओळख आणि समाजाची मान्यता, या तीन गोष्टी पाहतात. कायदा शहाणा झाला खरा. पण ज्याला बालपणीच समाजातून उपटून नेले, त्याने मान्यता कोणाची आणावी? सरकार दप्तर उघडून देऊ शकते. ‘तू आमच्या बहिणीचा मुलगा’ हे मात्र मावशीनेच म्हणावे लागते.

२०१४-१५ साली नेलेल्यांपैकी सुमारे १७,१५० माणसे हयात होती. आज ती सारी वयस्क आहेत, आणि त्यांना ओळखू शकणाऱ्या मावश्या त्यांच्याहूनही वृद्ध.