कंपनी ‘रजिस्टर्ड’ आहे, म्हणजे पैसे सुरक्षित?

‘आमची कंपनी सरकारकडे रजिस्टर्ड आहे,’ असं सांगून अनेकदा ठेवी मागितल्या जातात. पण नोंदणी म्हणजे सरकारची हमी नव्हे. सलग दोन किंवा अधिक वर्षं हिशेब न देणाऱ्या सुमारे २.२६ लाख कंपन्यांची नोंदणी २०१७ मध्ये रद्द झाली होती.

खरा मालक कसा कळतो?
१० टक्के किंवा अधिक अप्रत्यक्ष मालकी असलेल्या व्यक्तीची माहिती कंपनी निबंधकाला देणं कंपनीवर बंधनकारक आहे.

पैसे देण्याआधी काय पाहाल?
कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर नाव शोधा. कंपनी ‘अ‍ॅक्टिव्ह’ आहे का, शेवटचा ताळेबंद कधीचा, हे मोफत दिसतं. ठेवी घेण्याची परवानगी मात्र वेगळी लागते. ती रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर तपासा.