कोळंबीचा कंटेनर आणि आंतरराष्ट्रीय संबंधांची पदवी

तळोजा एमआयडीसीत गोठवलेली मासळी कंटेनरमध्ये भरली जाते आणि न्हावाशेव्याहून जगभर जाते. तरीही इथल्या घरात बारावी झालेल्या मुलीने 'मला आंतरराष्ट्रीय संबंध शिकायचेत' म्हटलं, की 'ते दिल्लीतल्या लोकांचं काम' असं उत्तर मिळतं. या उत्तरामागचे समज तपासायलाच हवेत.

गैरसमज : ही पदवी परराष्ट्र सेवेसाठीच असते.

त्या सेवेसाठी ही पदवी लागतच नाही. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. 'राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध' हा तिथला एक वैकल्पिक विषय आहे, एवढंच. शिवाय परराष्ट्र सेवेत दरवर्षी थोडीच मुलं घेतली जातात. तेवढ्या एकाच आशेवर पदवी निवडू नये.

गैरसमज : मग खासगी नोकरीत तिचा काय उपयोग?

याचं उत्तर तळोज्यातच मिळतं. समुद्रात जाळं टाकून पकडलेली भारतीय कोळंबी अमेरिका 2019 पासून घेत नाही. जाळ्यात अडकलेल्या कासवांना सुटायची सोय असावी, असा तिथला कायदा आहे. त्यामुळे तिकडे जाते ती तळ्यात वाढवलेली कोळंबी. तिच्यासह बहुतेक भारतीय मालावर 27 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेने एकूण 50 टक्के जादा शुल्क लावलं होतं, त्यातलं निम्मं रशियन तेलाच्या खरेदीचं कारण देऊन. तेलाच्या राजकारणाचा फटका कोळंबी सोलणाऱ्या बाईच्या रोजीपर्यंत कसा येतो, हे समजावून सांगणारा विषय हाच.

एमआयडीसीतल्या इतर मालाचंही तसंच. युरोपात रसायन विकायचं तर 2007 पासून 'रीच' नियमांनुसार नोंदणीचा प्रश्न येतो. ॲल्युमिनियम आणि पोलाद बनवताना किती कार्बन बाहेर पडला, त्यावर युरोपीय संघाने 1 जानेवारी 2026 पासून आकार बसवायला सुरुवात केली आहे. असे नियम का येतात, कुठे ठरतात, आक्षेप कुठे नोंदवायचा हे जाणणारी माणसं निर्यातदारांना, व्यापारी संघटनांना, बँकांना आणि संशोधन संस्थांना लागतात. मात्र नुसत्या पदवीवर हे काम मिळत नाही. सोबत व्यापार कायदा, कस्टम्सची कागदपत्रं, संख्याशास्त्र किंवा एखादी परकी भाषा नीट शिकावी. माझ्या मते महाविद्यालयं नेमकं हेच सांगायला कमी पडतात.

गैरसमज : मराठी माध्यमातल्या मुलांना हे जमत नाही.

ज्ञानेश्वर मुळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाट गावचे. 1983 च्या तुकडीतून ते परराष्ट्र सेवेत आले, जपानी शिकले, मालदीवमध्ये उच्चायुक्त आणि न्यूयॉर्कमध्ये महावाणिज्यदूत झाले. यूपीएससीची मुख्य परीक्षा आणि मुलाखत मराठीतून देता येते. पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजी-हिंदीतच असते आणि इंग्रजीचा एक पात्रता पेपर असतो, म्हणून इंग्रजी टाळून चालणार नाही. परकी भाषा तर निवड झाल्यावर सरकारच शिकवतं. संयुक्त राष्ट्रांकडे डोळा असेल, तर तिथल्या सहा अधिकृत भाषांपैकी इंग्रजीशिवाय आणखी एक आधीच आलेली बरी.

गैरसमज : परदेशात गेल्याशिवाय शिक्षणाला किंमत नाही.

मुंबई विद्यापीठाचा सिव्हिक्स अँड पॉलिटिक्स विभाग कलिन्याला आहे. पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्र शिकता येतं. दिल्लीच्या जेएनयूमधल्या आंतरराष्ट्रीय अभ्यास संस्थेची सुरुवात 1955 सालची. तिथे एमएसाठी सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. यापैकी एखादी वाट न तपासताच घर गहाण टाकून परदेशी जाणं मला धोक्याचं वाटतं.

आता पनवेलजवळच्या नव्या विमानतळालगत परदेशी विद्यापीठांची 'एज्युसिटी' होणार, अशी चर्चा घरोघरी आहे. जून 2025 मध्ये यूजीसीने पाच संस्थांना इरादापत्रं दिली, हे खरं. पण इरादापत्र म्हणजे अभ्यासक्रम सुरू झाला असं नव्हे. फी भरण्याआधी त्या संस्थेला यूजीसीची अंतिम परवानगी आहे का आणि इथल्या संकुलात ती आंतरराष्ट्रीय संबंध शिकवणार आहे का, हे दोन्ही लेखी मागून घ्यावं.