बेटावरचे फुरसे, बांधावरचे फुरसे

आमच्या उमरग्याकडे काळे रान संपून मुरूम उघडा पडतो, तिथल्या दगडी बांधांत फुरसे राहते. हात-दीड हात लांब, मातकट रंगाचे. डिवचले की आठाच्या आकड्यासारखे वेटोळे घालून करवतीसारखे खवले एकमेकांवर घासते. तो खरखराट ऐकू आला तर माणूस वाचला म्हणायचे. कोकणातल्या सड्यांवर तर ते इतके की, १८६२ साली रत्नागिरी जिल्ह्यात सरकारने मारल्या फुरशामागे इनाम लावले, तेव्हा आठ दिवसांत लाखावर फुरशी जमा झाली.

हेच फुरसे मकरान किनाऱ्यासमोरच्या अस्तोला या ओसाड बेटावरही आहे. जर्मन सर्पतज्ज्ञ रॉबर्ट मेर्टेन्स यांनी १९७० मध्ये ती स्वतंत्र उपजात ठरवून तिला बेटाचेच नाव दिले. पुढे सर्वच अभ्यासकांना ते पटले नाही. मला मात्र तो वाद दुय्यम वाटतो. समुद्राने वेगळे पाडलेला साप बदलतो हे आपण चटकन मान्य करतो. पण मुख्य भूमीवरही प्रदेशागणिक सापाचे विष बदलते, हे ध्यानात येत नाही.

याचा संबंध थेट दवाखान्याशी आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचे विष घोड्यांना थोडे थोडे टोचून, त्यांच्या रक्तातून प्रतिविष काढतात. मुंबईची हाफकिन संस्था हेच काम करत आली. देशातल्या या औषधासाठी लागणारे विष मात्र बहुतांशी चेन्नईजवळच्या इरुळा सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेतून, म्हणजे प्रामुख्याने तमिळनाडूतल्या सापांपासून येते. राजस्थानातल्या फुरशाच्या दंशावर हे औषध कमी पडते, असा तिथल्या डॉक्टरांचा अनुभव आहे. विष ठिकठिकाणच्या सापांचे घ्यावे, ही तज्ज्ञांची मागणी म्हणूनच रास्त आहे.

तोवर आधार साध्या तपासणीचा. फुरशाचे विष रक्त गोठवणारे घटकच संपवून टाकते. मग हिरड्यांतून, जुन्या जखमेतून रक्त वाहू लागते. रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे, मग नळी तिरकी करायची. रक्त पातळच राहिले, तर प्रतिविष हवे. सहा तासांनी पुन्हा तीच तपासणी. नळी काचेचीच लागते. प्लास्टिकच्या नळीत निरोगी माणसाचे रक्तही वेळेत गोठेलच असे नाही.