श्वास खोल चाललाय, पण दमा नाही

आजचा भाग छोटा आहे, पण नीट ऐका.

मी बारावीत असतानाची गोष्ट. एका रात्री आई उशाशी येऊन म्हणाली, ‘अगं, झोपल्या झोपल्या एवढी धाप का लागलीये तुला?’ तीन-चार आठवडे प्रचंड तहान, रात्री चार-चारदा लघवीला उठणं, कपडे ढगळ होणं, हे सगळं आम्ही परीक्षेच्या टेन्शनवर ढकललं होतं. दवाखान्यात शुगर तपासली आणि कळलं, मला टाइप वन डायबिटीस आहे.

त्या धापेला ‘कुसमाउल श्वसन’ म्हणतात. अडॉल्फ कुसमाउल या जर्मन डॉक्टरांनी १८७४ मध्ये डायबिटीसमुळे बेशुद्ध होत चाललेल्या पेशंटमध्ये ते पाहून लिहून ठेवलं. श्वास खोल, एका लयीत, न थांबता चालतो.

होतं काय? इन्सुलिन नसलं की रक्तात साखर भरपूर असते, पण पेशींना ती नीट वापरता येत नाही. मग शरीर चरबी जाळायला घेतं. त्यातून कीटोन बनतात आणि रक्तात आम्ल वाढतं. रक्ताचा पीएच एरवी ७.३५ ते ७.४५ असतो, तो घसरायला लागतो. तो सावरायचा शरीराकडचा झटपट उपाय म्हणजे जास्तीत जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकणं. म्हणून मेंदू खोल श्वास घ्यायला लावतो.

म्हणजे मूळ बिघाड फुप्फुसात नसतोच! फसगत होते ती इथेच. ऑक्सिमीटरवर ९८ दिसू शकतं, छातीत शिट्टी वाजत नाही आणि घरचे म्हणतात, ‘घाबरलीये, झोपू दे.’

त्यामुळे अशा श्वासासोबत तहान, उलट्या, पोटदुखी, गुंगी किंवा तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास असेल, तर सकाळची वाट बघू नका. ग्लुकोमीटर असेल तर शुगर बघा, पण त्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट मोठ्या हॉस्पिटलला जा. तोंडावर कागदी पिशवी तर अजिबात धरू नका. शरीर जे बाहेर टाकायला धडपडतंय, तेच आपण परत आत ढकलतो.

आणि माझ्यासारखे इन्सुलिनवाले, ताप आला, जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन मनाने बंद करायचं नाही. डॉक्टरांना फोन करायचा.

आईने त्या रात्री फक्त माझा श्वास ऐकला होता. तुम्हीही घरच्यांचा ऐका. भेटू पुढच्या भागात!