भुतांच्या वाड्यातलं भांडण

1963 साली कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये एक देखणी पांढरी हवेली उभी राहिली. उंच खांब, सज्जांना लोखंडी नक्षी, पुढे नीट कापलेली हिरवळ. आत मात्र काहीच नव्हतं. फाटकाबाहेर एक पाटी लावलेली होती. एकट्याने राहायची भीती वाटणाऱ्या, निवृत्त होऊ घातलेल्या भुतांनी इथल्या जागेसाठी जरूर संपर्क साधावा, अशा आशयाची. मजकूर मार्टी स्क्लार यांचा. पोरं फाटकाशी येऊन आत डोकावायची आणि आईबापांना विचारायची, भुतं कधी येणार? भुतं यायला 9 ऑगस्ट 1969 उजाडला.

केन अँडरसन यांनी सुरुवातीला चितारलेला वाडा पडका होता. खिडक्या निखळलेल्या, आवारात रान माजलेलं. वॉल्ट डिस्ने यांनी तो साफ नाकारला. आपल्या चकाचक बागेत पडकं घर त्यांना नको होतं. बाहेरची डागडुजी आपण ठेवू, आतली पडझड भुतं पाहून घेतील, असा त्यांचा हिशेब. मला हा निर्णय पुढच्या सगळ्या करामतींपेक्षा मोठा वाटतो. पडकं घर दिसलं की माणूस फाटकातच भिण्याची तयारी करून टाकतो. रंगरंगोटी केलेल्या घरात तशी तयारी होत नाही.

आतली भुतं तयार करायचं काम येल ग्रेसी आणि रोली क्रम्प या जोडगोळीकडे होतं. दोघेही ॲनिमेशनमधून आलेले. त्यांना दिलेलं काम ऐकून कुणालाही हेवा वाटेल: जुनी जादूची पुस्तकं चाळा, भुताचे सिनेमे पाहा, आणि खोलीभर भुतं बनवा. क्रम्प यांनी पुढे आयुष्यभर सांगितलेला किस्सा या खोलीतला. एक दिवस वरून निरोप आला की रात्री झाडलोट करणारे लोक घाबरतात, तेव्हा जाताना दिवे चालू ठेवत जा. या दोघांनी आज्ञाधारकपणे दिवे चालू ठेवले. फक्त खोलीच्या मध्यावर एक अदृश्य किरण सोडला. तो ओलांडला की दिवे बंद आणि भुतं चालू! दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर सगळी भुतं नाचतच होती आणि खोलीच्या मधोमध एक झाडू पडलेला होता. पुन्हा निरोप आला: आता खोली तुमची तुम्हीच झाडा, ते लोक परत येणार नाहीत.

याच ग्रेसी यांनी ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ या राइडमधल्या जळत्या गावाची आग बनवली. कापड, दिवे आणि वारा, एवढ्यावर. ती इतकी खरी दिसली की खरोखरची आग लागली तर ही आपोआप बंद पडेल अशी सोय करा, असा आग्रह अग्निशमन अधिकाऱ्यांनी धरल्याचं सांगतात.

क्रम्प यांचं डोकं आणखी तिरकं चालायचं. बोलणाऱ्या खुर्च्या, मेणाची माणसं, काय वाटेल ते ते काढत. ही चित्रं पाहून वॉल्ट डिस्ने घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन तक्रार करू लागले, की तुझ्या या विचित्र गोष्टींनी मला रात्रभर झोप नाही. तक्रारीमागोमाग कल्पनाही आली, या सगळ्याचं एक विचित्र वस्तूंचं संग्रहालय करायचं. ते झालं नाही. पण वाड्याच्या भिंतींच्या कागदावर जे डोळे वटारलेले दिसतात आणि एका खुर्चीच्या पाठीत जो चेहरा भासतो, तो क्रम्प यांचा वारसा.

मग सगळं थांबलं. 1964-65 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी डिस्नेच्या मंडळींना चार मोठे खेळ उभे करायचे होते, त्यात सगळे जुंपले गेले. ते आटोपून माणसं वाड्याकडे वळतात तोच 15 डिसेंबर 1966 रोजी वॉल्ट डिस्ने वारले. आता शेवटचा शब्द कुणाचा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

खरं भांडण इथे सुरू होतं. एका बाजूला मार्क डेव्हिस. मॅलेफिसेंट आणि क्रुएला डी व्हिल या खलनायिका पडद्यावर जिवंत करणारा माणूस. त्यांचं म्हणणं, पुढे सरकणाऱ्या गाडीतल्या माणसाला कुठलंही दृश्य जेमतेम काही क्षण मिळतं. तेवढ्यात गोष्ट सांगता येत नाही, विनोद मात्र पोचतो. म्हणून भुतं हसवणारी हवीत. दुसऱ्या बाजूला क्लॉड कोट्स. चित्रपटांच्या पार्श्वभूमी रंगवण्यात हयात घालवलेले. त्यांना रिकामे लांब बोळ हवे होते, आतून कुणीतरी रेटल्यासारखी फुगणारी दारं हवी होती, आणि भूत शक्यतो दिसायलाच नको होतं.

त्यात गर्दीचा प्रश्न. वाड्यातून लोकांना चालवत न्यायचा मूळ बेत होता, पण चालणारा माणूस आवडत्या जागी थबकतो आणि मागची रांग तुंबते. उपाय सापडला ऑम्निमूव्हर या यंत्रणेत. बॉब गर आणि जॉन हेंच यांच्या डोक्यातून निघालेली ही गाड्यांची न थांबणारी साखळी 1967 साली दुसऱ्या एका राइडसाठी बनली होती. ताशी दोन हजारांहून जास्त माणसं ती सहज वाहून नेते. पण तिची खरी करामत वेगळी. प्रत्येक गाडी हवी तिकडे वळवता येते, आणि मागे-बाजूंना गोल कवच असल्यामुळे बसलेल्याला समोरचंच दिसतं. चालणाऱ्या प्रेक्षकाची मान दिग्दर्शकाच्या हातात नसते. इथे ती आली.

आता या डेव्हिस आणि कोट्सना एकत्र कसं नांदवायचं? दोन गवयांनी दोन वेगळे राग लावावेत आणि पेटीवाल्याने ती जुगलबंदी म्हणून साजरी करून दाखवावी, तसं काम एक्स अटेन्सिओ यांनी केलं. हेही मूळचे ॲनिमेटर. संहितालेखनाचा त्यांचा पहिला अनुभव ‘पायरेट्स’चा, दुसरा हा. त्यांच्या संहितेत सुरुवातीला भुतं जाणवतात पण दिसत नाहीत. मध्यावर स्फटिकाच्या गोळ्यातली मादाम लिओटा प्रेतात्म्यांना आवाहन करते. त्यानंतर भुतं दिसू लागतात, नाचतात, जेवतात, स्मशानात गाणी म्हणतात. म्हणजे पहिला अर्धा वाडा कोट्स यांचा, दुसरा डेव्हिस यांचा, आणि मधली शिवण अटेन्सिओ यांची.

त्या लिओटाचा चेहरा डिस्नेच्या कार्यशाळेतल्याच एका कलाकार बाईंचा, लिओटा टूम्ब्स यांचा. त्यांच्या चेहऱ्याचं चित्रीकरण करून ते गोळ्यातल्या निर्जीव डोक्यावर पाडलं. आवाज मात्र एलिनॉर ऑडली यांचा, म्हणजे मॅलेफिसेंटचाच. टूम्ब्स यांची मुलगी किम अर्व्हाइन पुढे डिस्नेलँडचीच कला दिग्दर्शक झाली, आणि वाड्याच्या नाताळच्या सजावटीत लिओटा म्हणून दिसते ती हीच मुलगी.

वाड्यात शिरल्यावर सुरुवातीलाच एक खोली ताणली जाते, भिंतींवरची चित्रं खाली लांबत जातात, हे पाहून लोक अवाक होतात. ही निव्वळ जागेच्या टंचाईची करणी आहे. डिस्नेलँडभोवती मातीचा बांध आहे आणि त्यावरून आगगाडी फिरते. बांधाच्या आत एवढ्या मोठ्या राइडला जागाच नव्हती. म्हणून खोलीच्या नावाखाली चक्क लिफ्ट बसवली. ती माणसांना खाली नेते, मग रुळांखालच्या बोळातून चालवत बांधापलीकडच्या इमारतीत पोचवते. 1971 साली फ्लोरिडात असाच दुसरा वाडा बांधला तेव्हा खाली उतरायची गरजच नव्हती, पण खोली लोकप्रिय होऊन बसलेली. म्हणून तिथे जमीन जागेवर राहते आणि छत वर जातं.

मेजवानीच्या दालनातल्या पारदर्शक नर्तकांची युक्ती तर 1862 सालची. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी ती रंगमंचावर आणली होती. प्रेक्षकाला न दिसणाऱ्या जागी उजेडात पात्र, समोर मोठी काच, आणि काचेत त्याचं प्रतिबिंब. फक्त प्रतिबिंबात डावं-उजवं उलटतं. त्यामुळे या वाड्यातल्या नाचात बायका पुढाकार घेतात आणि पुरुष मागे फरपटतात. चाहत्यांना ही चूक प्राणापलीकडे प्रिय आहे.

चाहत्यांची खरी श्रद्धा मात्र टोपीच्या डब्यातल्या भुतावर, हॅटबॉक्स घोस्टवर. त्याचं डोकं धडावरून नाहीसं होऊन हातातल्या डब्यात उमटणार होतं. पण ते गाड्यांच्या फार जवळ उभं होतं आणि आसपासच्या उजेडात डोकं नाहीसंच होईना. 1969 मध्येच ते उचललं गेलं. त्याच वर्षीच्या ध्वनिमुद्रिकेत आणि तिच्या सचित्र पुस्तिकेत ते शिल्लक राहिल्यामुळे, कधीही न पाहिलेल्या भुतासाठी लोक पुढे कित्येक दशकं झुरत राहिले. मे 2015 मध्ये ते कॅलिफोर्नियात परतलं. या खेपेला डोकं नीट नाहीसं झालं.

नोव्हेंबर 2023 मध्ये फ्लोरिडातही हे भूत बसवलं, आणि चाहते भडकले. कारण ते ठेवलं अंतहीन बोळाजवळ, लिओटाच्या आवाहनाच्या आधी. तोवर भूत दिसायचंच नसतं! काहींना हा निव्वळ अडाणी हट्ट वाटला. सरकत्या गाडीत कोण असलं व्याकरण तपासतं? मी हट्ट करणाऱ्यांच्या बाजूने आहे. अटेन्सिओ यांचा तो एक नियम काढला तर दोन न जुळणारे अर्धे तेवढे उरतात.

पोटमाळ्यावरच्या वधूचा वाद मात्र मला तितकासा पटत नाही. उघडल्यापासून तिथे धडधडत्या हृदयाची एक वधू होती. 2006 मध्ये कॅलिफोर्नियात तिच्या जागी नवऱ्यांची मुंडकी उडवणारी कॉन्स्टन्स आली, जानेवारी 2025 मध्ये तीही गेली आणि बिनकुऱ्हाडीची दुःखी वधू आली. दर वेळी दोन तट पडले. पण वधू कुणीही असो, ती आवाहनानंतरच दिसते. नियम मोडत नाही.

कॅलिफोर्नियातला मूळ वाडा पाहायचा असेल तर वर्षाच्या पूर्वार्धात जा. 2001 पासून बहुतेक दर वर्षी साधारण ऑगस्टअखेर-सप्टेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत तिथे एका चित्रपटावर बेतलेली नाताळची सजावट असते, आणि कोट्स यांचे काळोखे बोळ त्या दिव्यांखाली झाकले जातात.